आवाज न करता ठेवलेलं प्यादं

त्या रविवारी दुपारची गाडी वेळेवर आली. माझं घर रोह्याला नदीच्या अंगाला. स्टेशन तसं लांब, पण वारा तिकडून असला की भोंगा स्पष्ट ऐकू येतो. भोंगा ऐकला की मी बाहेरच्या खोलीतल्या बुद्धिबळाच्या पटावर झाकलेला पंचा उचलायची, सोंगट्या मागच्या रविवारच्या जागीच आहेत ना ते बघायची, मग सावकाश चहाचं आधण ठेवायची. साखर टाकेपर्यंत हिराजी फाटकाची कडी न वाजवता आत येऊन पायरीवर चपला काढत असायचे, असं आमचं कित्येक वर्षांचं ठरलेलं. त्या दिवशी साखर टाकली, पत्ती टाकली, दूध टाकलं, चहा आटून काळपट व्हायला लागला... आणि फोन वाजला. पेणहून सुमनवहिनी, हिराजींची बायको. "बाई, वाट नका बगू. हे गेले." मला वाटलं गाडी चुकली म्हणून दुसरीकडे कुठे गेले. मी विचारलंसुद्धा, "कुठे गेले?" मग त्या माउलीने रडता रडता मलाच समजावून सांगितलं. तुमच्याकडंच यायला निघाले व्हते, चप्पल घातली, वटीवर टेकले, म्हनले जरा बसतो... आणि उठलेच नाहीत.

गॅस बंद करून मी पटाजवळ येऊन बसले. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की अकरा पानं राहिली. माणूस गेल्याची बातमी कानात ताजी आणि बाई पानं मोजते आहे! माझी मलाच शरम वाटली. पण ज्या माणसाशी आपलं नातंच एका पुस्तकातून जुळलं, तो गेल्यावर दुसरं काय आठवणार? आज दीड महिना झाला. पट तसाच आहे. पंचा मात्र मी परत घातलेला नाही.

हिराजी म्हात्रे पहिल्यांदा भेटले ते मी नोकरीत असताना. मी रोह्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत असे. मधल्या सुट्टीत कंपनीचा निळा गणवेश घातलेला, पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभा राहिला. हातात दुधाची रिकामी पिशवी, तिच्यात काहीतरी चौकोनी. "बाई, इंग्रजी येतं ना तुमाला?" त्यांनी विचारलं. सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर हा प्रश्न मला कुणी तोंडावर विचारला नव्हता. मी जरा घुश्शातच "येतं थोडंफार" म्हटलं. त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढून माझ्या डब्याशेजारी ठेवलं. पेणच्या एका रद्दीवाल्याकडे मिळालेलं बुद्धिबळाचं जुनं इंग्रजी पुस्तक. मुखपृष्ठ नाही, पहिली आठ पानं नाहीत, सुरुवात थेट नवव्या पानावर आणि तीही अर्ध्या वाक्यातून. त्यामुळे पुस्तकाचं नाव काय आणि लिहिणारा कोण हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे मोबाइलवर शोधता आलं असतं, पण दोघांनाही तशी इच्छा झाली नाही. हिराजी त्या लेखकाला 'बाबा' म्हणत. "बाबा आज काय सांगतो बगू," म्हणून मांडी घालून बसत.

त्यांना ते पुस्तक का हवं होतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटातलं त्यांचं गाव. वडील मिठागरावर कामाला. उन्हं टळेपर्यंत मिठागराच्या झापाखाली बसून ती मंडळी बुद्धिबळ खेळायची, तिथेच हे शिकले. पुढे रोह्याच्या कंपनीत फिटर झाले आणि कॅन्टीनमध्ये त्यांना हरवणारा कुणी उरला नाही. मग एकदा बाहेरगावचे एक साहेब मशीन बसवायला आले. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत हिराजींना लागोपाठ तीन डाव हरवलं आणि जाताना म्हणाले, तुम्ही चाली चांगल्या खेळता, पण डाव खेळत नाही. बस. ते वाक्य या माणसाच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलं. "मला चाली दिसतात, बाई. डाव दिसत नाय. तो ह्या पुस्तकात हाय. एकदा तरी दिसाया पायजे." एवढंच त्यांना हवं होतं. स्पर्धा जिंकायच्या नव्हत्या, कुणाला दाखवायचं नव्हतं. त्या अनोळखी बाबाच्या डोक्यात काय आहे ते एकदा तरी कळलं पाहिजे, इतकंच.

मला वाटलं, दोन-चार रविवारांत वाचून देऊ. कसलं काय! मला इंग्रजी येत होतं, त्यांना बुद्धिबळ येत होतं आणि पुस्तक दोघांनाही येत नव्हतं. पहिले दोन महिने तर घरं ओळखण्यातच गेले. त्या जुन्या पुस्तकात चाली आताच्यासारख्या लिहिलेल्या नव्हत्या. राजाच्या रांगेतलं चौथं घर, वजिराच्या घोड्याच्या रांगेतलं तिसरं घर, असा सगळा मामला. आणि त्यात गंमत अशी, की प्रत्येक जण आपापल्या बाजूने मोजणार. पांढऱ्याचं जे चौथं घर तेच काळ्याचं पाचवं. आम्ही दोघं पटाच्या दोन बाजूंना बसून एकाच घराला दोन नावांनी हाका मारायचो आणि भांडायचो. शेवटी हिराजी म्हणाले, "दोगांचं पन बरोबर हाय, बाई. घर येकच हाय, बसायची जागा येगळी." मला व्याकरणात असा सोपा नियम कधी सापडला नव्हता.

शब्दांनी तर नाकी नऊ आणले. एका ठिकाणी बाबाने लिहिलं होतं की या चालीने पांढऱ्याला एक 'टेम्पो' मिळतो. मी वाचून दाखवलं आणि दोघंही अडलो. पेणच्या माणसाला टेम्पो म्हणजे काय ते सांगायला लागत नाही. गणपतीच्या दिवसांत जोह्या-हमरापूरच्या कारखान्यांसमोर टेम्पोंची रांग लागते, मूर्ती भरून मुंबईकडे निघतात. सुमनवहिनी हंगामात जोह्याच्या एका कारखान्यात मूर्तींचे दागिने रंगवायच्या. "बुद्धिबळात टेम्पो कुठनं आला?" हिराजींनी विचारलं. मी शब्दकोश काढला, लय, गती असं काहीबाही सांगितलं. ते त्यांच्या डोक्यावरून गेलं, खरं म्हणजे माझ्याही. पुढच्या रविवारी मात्र ते हसतच आले. "टेम्पोच हाय, बाई. दोगांच्या मूर्ती तयार हायत. ज्याला आज टेम्पो भेटला तो मुंबईला पोचला. दुसरा मूर्ती घेऊन दारात उभा. मूर्ती सारख्याच, पन दिवस येक गेला ना त्याचा!" मी पुस्तकातलं ते पान पुन्हा वाचलं. बाबाने दीड पानभर जे लिहिलं होतं ते इतकंच होतं.

तसंच 'मागास प्याद्याचं' झालं. बरोबरीची प्यादी पुढे गेली आणि एक मागे अडकून पडलं, तर त्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचं मी सरळ भाषांतर केलं. हिराजी म्हणाले, "म्हंजी आमच्यासारकं? मंग त्याला सवलत हाय का काय?" आणि स्वतःच इतके हसले की चहा सांडला. पण सगळ्यात मोठं कोडं होतं ते 'कमजोर घरा'चं. घर रिकामं आहे, त्यावर कुणी नाही, मग ते कमजोर कसं? बाबा पानंच्या पानं त्याच्यावर लिहीत होता आणि आम्ही तीन महिने एकाच प्रकरणात अडून बसलो होतो. मी तर हात टेकले होते. मग एका दुपारी हिराजी बराच वेळ पटाकडे बघत बसले, आणि बोट न लावता, नुसतं दाखवत म्हणाले, "खांड पडली." खारेपाटात शेतं समुद्राच्या पाण्यापासून राखायला मातीचे बांध असतात. भरतीच्या जोराने बांध फुटून वाट पडली की तिला खांड म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. "प्यादी म्हंजी बांध, बाई. हे प्यादं हावरटासारकं पुढं धावलं. मागं ह्या घराला राखन कोन? आता त्याचा घोडा हितं यून बसला का उठायचा नाय. खारं पानी शेतात बसतं तसा." त्यांच्या लहानपणी एकदा त्यांच्या शेतात असं पाणी शिरलं होतं. पुढे कित्येक वर्षं तिथे भात झाला नाही. ते सांगताना त्यांचा आवाज अगदी खाली गेला, आणि मी, जिला घोडा अडीच घरं चालतो एवढंच ठाऊक, त्या रिकाम्या घराकडे बघून खरोखर घाबरले.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती सांगते. सहाव्या प्रकरणात एक शब्द आला, 'क्वाएट मूव्ह'. बाबाने लिहिलं होतं की इथे सगळे लोक जोरदार चालीची वाट बघत होते, आणि त्या मोठ्या खेळाडूने एक क्वाएट मूव्ह केली. ही काय शोधायची गोष्ट? शब्दकोशाला हातही न लावता मी ठासून सांगितलं, "क्वाएट मूव्ह म्हणजे आवाज न करता केलेली चाल." हिराजींनी मान डोलावली. मग म्हणाले, "व्हय. आमी ठोकतो ना, त्याच्यात डोकं हलतं." कॅन्टीनमध्ये काय, गावात काय, सोंगटी उचलायची आणि ठक्कन आपटायची, वर 'शह!' म्हणून ओरडायचं, असाच खेळ. पुढच्या रविवारी ते त्यांच्या सोंगट्यांचा डबा घेऊन आले. मूर्तीच्या आसनाला लावतात त्या लाल मखमलीचे कपटे सुमनवहिनींनी कारखान्यातून आणले होते, ते एकेका सोंगटीच्या बुडाला गोल कापून चिकटवलेले. एक पांढरा उंट कधीचा हरवला होता, त्याच्या जागी वहिनींनी शाडूचा उंट करून दिला होता. तो कच्चाच होता, जोरात ठेवला तर फुटायचा. त्या दिवसापासून माझ्या घरात सोंगटीचा आवाज झाला नाही. चाल करायची म्हणजे आधी बोटं सोंगटीवर ठेवायची, जरा थांबायचं, मग उचलायची आणि पाळण्यात मूल ठेवावं तशी खाली ठेवायची.

त्यानंतरच्या दुपारी मला वेगवेगळ्या आठवतच नाहीत. एकच एक लांब दुपार असल्यासारखं वाटतं. खिडकीच्या जाळीतून उन्हाची नक्षी पटावर पडलेली असायची आणि हळूहळू एकेक घर ओलांडत सरकायची. कुंडलिका नदीवरून गार झुळूक यायची. मी एक परिच्छेद वाचायची, मराठीत सांगायची, आणि मग हिराजी त्यात शिरून जायचे, अर्धा अर्धा तास. समोर बसल्या बसल्या मला डुलकी लागायची. डुलकीत कधी पट मोठा व्हायचा, घरांत पाणी भरलेलं दिसायचं, पांढरं मीठ वर तरंगत असायचं आणि बांधावरून कुणीतरी पाऊल न वाजवता चालत असायचं... डोळे उघडून बघावं तर एक सोंगटी हललेली असायची. कधी हलली ते कळलेलं नसायचं. "झोपा, बाई, मी हाय," असं ते म्हणायचे. मी कधी लग्न केलं नाही, घरात माणसाचा वावर नाही. माझ्या समोर कुणीतरी इतका शांत बसून विचार करतो आहे, या भावनेची मला सवय झाली आणि ती सवय किती खोल गेली होती ते आता कळतंय.

त्यांचा खेळ बदलला होता. मला खेळातलं कळत नाही, पण माणूस बदललेला कळतो. कंपनीतून निवृत्त झाल्यावर, आम्ही आठवं प्रकरण संपवलं त्या सुमारास, पेणला एका मंडळाने खुल्या स्पर्धा ठेवल्या. हिराजी जायचं नाही म्हणत होते, मीच आग्रह केला आणि मीही बघायला म्हणून गेले. तिसऱ्या फेरीत समोर पनवेलचा एक चष्मेवाला तरुण आला. भलताच तयार, खटाखट खेळणारा. हिराजी आपले सावकाश, मखमलीवर खेळल्यासारखे. बघता बघता त्यांचा घोडा समोरच्याच्या मुलखात अशा घरात जाऊन बसला की तिथून त्याला हुसकायला एकही प्यादं उरलं नव्हतं. मी दोरीपलीकडून बघत होते आणि मला ती खांड दिसली! आजूबाजूचे जाणते लोक कुजबुजायला लागले की म्हात्रे जिंकणार. मग हिराजींनी कडेचं एक प्यादं एकच घर पुढे सरकवलं, अगदी अलगद, आणि तितक्याच अलगद शेजारच्या घड्याळाचं बटण दाबलं. ती जुनी दोन तोंडांची घड्याळं. आपली चाल झाली की आपलं बटण दाबायचं, म्हणजे आपलं घड्याळ थांबतं आणि समोरच्याचं चालू होतं. हिराजींनी ते इतकं हळू दाबलं की ते दबलंच नाही. ते हात मांडीवर ठेवून बसले, समोरच्याच्या चालीची वाट बघत. समोरचा पटात डोकं खुपसून बसला होता. आणि घड्याळ मात्र हिराजींचंच चालू होतं... थोड्याच मिनिटांत त्यांची वेळ संपल्याची झेंडी पडली. पंच आले. तो मुलगा ओशाळून म्हणाला, "काका, तुमचंच चालू होतं."

हिराजी उठले, त्याच्याशी हात मिळवला आणि तोंड धुवायला बाहेरच्या नळावर गेले. मी पंचांना गाठलं. तावातावाने म्हटलं, "अहो, त्यांचं काही चुकलेलं नाही, ते पुस्तकाप्रमाणे क्वाएट मूव्ह खेळले." पंच मोठे सभ्य गृहस्थ. हसू दाबत म्हणाले, "बाई, क्वाएट मूव्ह म्हणजे आवाज न करता केलेली नव्हे. ज्या चालीत मारामार नाही, शह नाही, उघड धमकीही नाही, अशी साधी दिसणारी चाल. तिच्याने सगळा डाव बदलतो." आयुष्यभर इंग्रजी शिकवलं मी! एका शब्दाचा अर्थ शब्दकोशात न बघता दिला, आणि त्या अर्थाने एका माणसाची बोटं इतकी मऊ करून टाकली की त्याचा आयुष्यातला सगळ्यात चांगला डाव गेला. रिक्षात मी एक अक्षर बोलले नाही. हिराजीच माझी समजूत घालत होते. "वाईट नका वाटून घेऊ, बाई. डाव आपलाच व्हता. घड्याळ त्याचं व्हतं."

त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आधी लाजेने, मग भीतीने, आणि मग इतका उशीर झाला की सांगायला तोंडच उरलं नाही. इतरांच्या चुका तांबड्या शाईने दाखवायची सवय असलेल्या माणसाला स्वतःची चूक सांगताना किती कानकोंडं व्हायला होतं, ते मास्तरकी केलेल्यांनाच कळेल. पुढच्या प्रकरणांत तो शब्द आला की मी भराभर वाचून पुढे सरकायची. हिराजी मान वर करून माझ्याकडे बघायचे, हलकेच हसायचे आणि पुन्हा पटाकडे वळायचे. त्या हसण्याने मला आणखीच अपराधी वाटायचं. वाटायचं, या माणसाने किती विश्वासाने माझ्या हातात बोट दिलं, आणि मी त्याला भलत्याच वाटेला लावलं. बाबाच्या डोक्यातलं त्यांना आता कधीच कळायचं नाही, आणि त्याला कारण मी. शेवटच्या रविवारीही तसंच झालं. शेवटच्या प्रकरणातला डाव मांडलेला होता, पांढऱ्याची चाल होती. पुढचं वाक्य मी वाचणार तेवढ्यात ते म्हणाले, "आज नको, बाई. पुढल्या येळंला. जरा बगू दे मला." जाताना त्यांनी पुस्तकात खूण म्हणून गाडीचं तिकीट घातलं.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या गावी गेले. पेणहून रिक्षाने, मग बांधावरून थोडं चालत. सुमनवहिनींनी पाटावर बसवलं, पाणी दिलं, आणि आतून कंपनीचं जुनं लॉगबुक आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "हे तुमचं, बाई. रोज पहाटं उठून लिवायचे. मला म्हनायचे, बाईंची वही हाय, हात नको लावूस." डाव्या पानांवर पेन्सिलने आखलेले पट, उजव्या पानांवर मी सांगितलेला अर्थ, त्यांच्या ठसठशीत अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घाची पार वाट लावून. टेम्पो होता. मागास प्यादं होतं. खांड होती. सवयीने मी पर्समधलं तांबडं पेनही काढलं होतं, आता हसू येतं. मग सहावं प्रकरण आलं.

तिथे लिहिलं होतं, 'क्वाएट मूव. बाईंचा अर्थ, आवाज न करता.' आणि त्याच्या खाली, 'पुस्तक आठवडाभर घरी आणून अक्षरं जुळवली, हा शब्द सात जागी आला. सातही पट मांडून बघितले. एकाही चालीत मारलेलं नाय, शह नाय, धमकी पण नाय. तरी त्याच्यानंतर समोरचा हलू शकत नाय. म्हंजे बाबाला हे म्हणायचं आहे. डाव दिसला.' त्या दोन शब्दांखाली दोनदा रेघ ओढलेली होती. मग पुन्हा, 'बाईंचं पण बरोबर आहे. हळू ठेवलं की दिसतं. घर एकच. बाईंना सांगायचं नाय, त्यांना वाईट वाटेल.'

मी सहाव्याच प्रकरणात होते. पेणची स्पर्धा आठव्यानंतरची. घाईघाईने पानं उलटली. आठव्या प्रकरणानंतर तो पनवेलच्या मुलाबरोबरचा डाव संपूर्ण लिहिलेला होता, आणि खाली तीन ओळी. 'घड्याळ हळू दाबलं. हात माझा, सवय माझी. बाई समजतात त्यांच्यामुळे झालं, रिक्षात बोलल्या नाय. कसं सांगू, सांगितलं तर मला अगोदरपासून माहीत होतं हे कळेल.'

वहिनी म्हणाल्या, "काय लिवलंय वो यवढं?" मी वही मिटून मांडीवर ठेवली. इतकी वर्षं आम्ही दोघं एका पटाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत होतो. मला वाटत होतं त्यांना कळत नाही. ते शब्दकोशाशिवाय, माझ्याशिवाय, सात पट मांडून एकटेच त्या बाबाच्या डोक्यापर्यंत जाऊन पोचले होते, आणि पुन्हा परत येऊन दर रविवारी माझ्यासमोर मुकाट्याने बसत होते. मग ते कशाला येत होते? वहिनींना विचारलंच मी. त्या सहज म्हणाल्या, "तुमी वाचायच्या ना, ते आयकाला." तांबडं पेन मी पर्समध्ये परत ठेवलं. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. या वहीत कुणीतरी मलाच तपासलं होतं आणि चुकीवर काट न मारता बरोबर दिलं होतं.

आज रविवार. दुपारची गाडी आत्ताच येऊन गेली. लॉगबुक शेजारी उघडं ठेवून मी पटासमोर बसले आहे, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या बाजूला. इकडून घरांची नावं वेगळी आहेत. पुस्तकात त्यांचं तिकीट आहे तिथेच आहे, पुढचं वाक्य मी वाचलेलं नाही. बराच वेळ नुसती बघत बसले. उन्हाची जाळी दोन घरं सरकली. मग मला दिसलं... कडेचं एक प्यादं, काही मारत नाही, कुणाला भिववत नाही, पण ते एक घर पुढे गेलं तर काळ्याला हलायला जागाच राहत नाही. बरोबर असेल की चूक, बाबाला ठाऊक. मी बोटं त्याच्यावर ठेवली, जरा थांबले, उचललं.

"हिराजी, त्या शब्दाचा अर्थ मी चुकीचा सांगितला होता," मी मोठ्याने म्हटलं, आणि प्यादं खाली ठेवलं. आवाज झाला नाही.